दम, घड्याळ आणि नाडी

गेल्या दिवाळीत भाच्याने व्यायामाचा एक व्हिडिओ गेम आणला आणि कोथरूडच्या आमच्या बैठकीच्या खोलीतले टीपॉय भिंतीला सरकवून खेळाचे मैदान तयार झाले. छातीला पट्टा बांधायचा, पडद्यावरच्या डोंगरवाटेने जागच्या जागी धावायचे आणि हृदयाचे ठोके ठरलेल्या टप्प्यात ठेवायचे, असे त्या खेळाचे स्वरूप. सुरुवातीला त्याने माझे वय विचारले, वजन विचारले, बसलेल्या अवस्थेतले ठोके मोजून घेतले. पाचसहा मिनिटांतच मला धाप लागली. भाच्याशी बोलताना वाक्य मध्येच तुटू लागले. पडद्यावर आकडा होता ९८, आणि त्याखाली सूचना : आणखी जोर लावा, तुमचे लक्ष्य अजून दूर आहे.

उलगडा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे झाला. रक्तदाबासाठी मी जे बीटा-ब्लॉकर जातीचे औषध घेतो, ते हृदयाची गती चढूच देत नाही. शरीर थकते, पण ठोके त्या प्रमाणात वाढत नाहीत. यंत्राने माझे ठोके अचूक मोजले होते. मी दमलो आहे, हे मात्र त्याला कळले नव्हते. मोजणे आणि कळणे यांच्यातले हे अंतर केवळ एका खेळण्याचा दोष म्हणून सोडून देता येईल, असे मला वाटत नाही. व्यायाम, खेळ आणि मोजमाप या तिघांचा संबंध गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कसा बदलत गेला, याची एक कहाणी पुणे आणि परिसरात घडलेली आहे. तिच्या प्रकाशात या आकड्याकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

१

आरंभ भाषेपासून करणे आपल्याला सोयीचे. मराठीत शरीराच्या श्रमाचे मुख्य परिमाण ‘दम’ हे आहे. श्वास या अर्थाचा हा शब्द फारसीतून आला. पण शम-दमातला, म्हणजे इंद्रियनिग्रहाचा, संस्कृत ‘दम’ आपल्याकडे आधीपासूनच होता. मराठी कानाला हे दोन शब्द वेगळे राहिलेच नाहीत. माणसाला दम लागतो, तो दम खातो, दम धरतो, दुसऱ्याला दम देतो. गवयाचा दमसास वाखाणला जातो आणि कादंबरी दमदार असते. श्वास, सहनशक्ती, संयम आणि धाक हे सारे या एका अक्षरजोडीत सामावले आहे. हृदयाच्या ठोक्यांना मात्र मराठीत श्रमाचे माप म्हणून फारसे स्थान नव्हते. छाती धडधडते ती भीतीने किंवा उत्कंठेने. व्यायामाने दम लागतो.

नाडी अर्थातच होती, पण ती वैद्याच्या बोटांखाली. शारंगधरसंहितेत नाडीपरीक्षेचे जे वर्णन येते, त्यात संख्या नाही, गती आहे. आणि ती गती प्राण्यांच्या चालीने सांगितलेली आहे. वाताची नाडी जळू किंवा सापासारखी सरपटते, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी उडत चालते, कफाची हंस आणि पारवा यांच्यासारखी संथ असते. साहित्याच्या अभ्यासकाला इथे थबकावेसे वाटते, कारण हे निदान मुळात उपमेतून होते आहे. मिनिटाला किती, हा प्रश्नच नाही. कशी, हा प्रश्न आहे. युरोपातही नाडीला आकडा उशिराच मिळाला. इंग्लंडमधील जॉन फ्लॉयर या वैद्याने नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारे खास घड्याळ करवून घेतले आणि १७०७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यापुढे हळूहळू ‘कशी’ची जागा ‘किती’ने घेतली.

२

पुण्याच्या तालमीत मोजमाप नव्हते असे नाही. जोर किती, बैठका किती, मल्लखांबावर पकडी कोणत्या, याचा हिशोब असेच. पण ही संख्या श्रमाची होती, शरीराच्या प्रतिसादाची नव्हे. तो प्रतिसाद वस्तादाच्या नजरेत असे. पोराचा चेहरा, घामाची जात, गुडघ्यांची थरथर पाहून ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार त्याचा.

खेळांत तर मोजण्याचे साधन खेळाच्या नियमातच गुंफलेले होते. याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे हुतूतू. चढाई करणाऱ्या गड्याने एका दमात ‘हुतूतू’चा उच्चार करीत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरायचे आणि दम टिकेतो परतायचे. त्याची चढाई किती वेळ चालावी, हे कोणतेही घड्याळ ठरवीत नाही. त्याची छाती ठरवते. आणि तो दम शिल्लक आहे की नाही, हे त्याच्या आवाजावरून साऱ्या मैदानाला ऐकू येते. आजच्या परिभाषेत बोलायचे तर खेळाडूच्या शरीराची स्थिती क्षणोक्षणी जाहीर करणारी आणि तिच्यावरून खेळाची मर्यादा ठरवणारी ही यंत्रणा आहे. यंत्र तेवढे त्यात नाही.

घड्याळ आले ते संस्थांबरोबर. १९०६ साली डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली आणि देशी खेळांना लिखित नियमांत बसवण्याच्या उद्योगाला पुण्यात जोर आला. खो-खोच्या नियमबद्ध स्वरूपाशी या संस्थेचे नाव कायमचे जोडले गेले आहे. नियम म्हणजे मैदानाची मापे, गड्यांची संख्या आणि डावाची मिनिटे. हा बदल किती नवा होता, हे दाखवणारा एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. १९१९ साली जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले. अनवाणी धावणारे खेडुत धावपटू पाहून, यांना ऑलिंपिकला पाठवले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्या संदर्भात झालेल्या चर्चेत, शंभर मीटर धावायला ऑलिंपिकमध्ये किती वेळ लागत असेल, असे विचारल्यावर संस्थेतील एका जाणत्या गृहस्थांनी मिनिट-दोन मिनिटे असा अंदाज केला. तिथे मिनिटांचा नव्हे तर सेकंदाच्या अंशांचा हिशोब असतो, हे कळल्यावर ते थक्क झाले.

या प्रसंगाकडे अज्ञानाचा विनोद म्हणून पाहणे सोपे आहे. मला तो दोन कालगणनांच्या भेटीचा प्रसंग वाटतो. त्या गृहस्थांना धावणे कळत नव्हते असे नाही. कोण पुढे गेला, हे त्यांना दिसत होते. धावण्याला मैदानाबाहेरचे, सर्व जगाला लागू होणारे एक माप असते, ही कल्पना त्यांच्या अनुभवात नव्हती. पुढच्याच वर्षी, १९२० साली, बेळगावकडचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. ४२.७५ किलोमीटरचे ते अंतर त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत कापले आणि ते १९ वे आले. हे आज आपल्याला सांगता येते ते त्या घड्याळामुळेच. मोजमापाने काय हिरावले, याचा विचार करताना त्याने काय जपले, हेही विसरता कामा नये.

हुतूतूचे पुढे काय झाले, हेही इथेच नोंदवतो. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली, ‘कबड्डी’ हे नाव आणि तोच उच्चार सर्वत्र रूढ झाला. आज २०१४ पासून चालणाऱ्या व्यावसायिक लीगमध्ये एका चढाईला ३० सेकंद मिळतात आणि त्यांची उलटगणती पडद्यावर दिसते. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणणे नियमात शिल्लक आहे. पण प्रेक्षकाचे लक्ष आवाजाकडे नसते, आकड्याकडे असते. दमाची मर्यादा घड्याळाने घेतली. सर्वांना सारखा वेळ मिळू लागला, ही यातली न्याय्य बाजू. ज्याची छाती मोठी त्याची चढाई लांब, ही जुनी गंमत मात्र गेली.

३

१९२४ हे वर्ष या कहाणीत महत्त्वाचे. त्या वर्षी कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली, आणि त्याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केले. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांचे शरीर घडले आणि मालसरच्या माधवदासजींकडे योगाची दीक्षा झाली. या दोन गुरूंच्या जोडीला त्यांनी तिसरी गोष्ट घेतली, ती प्रयोगशाळा. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात वातावरणाहून कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी उपकरणांनी दाखवले आणि त्या पोकळीला गुरूंचे नाव दिले. क्ष-किरणांची छायाचित्रे, रक्तदाबाच्या नोंदी, श्वासातील वायूंची तपासणी हे सारे ‘योगमीमांसा’ या त्यांच्या नियतकालिकात १९२४ पासून प्रसिद्ध होऊ लागले.

कुवलयानंदांचे मोठेपण मला त्यांच्या एका नकारात दिसते. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, अशी समजूत तेव्हा होती आणि आजही आहे. मोजणी केल्यावर त्यांना तसे आढळले नाही, आणि ते त्यांनी सांगितले. प्राणायामाचे मोल त्यांनी अन्यत्र, मज्जासंस्थेवरील परिणामात शोधले. श्रद्धेच्या समर्थनासाठी यंत्र आणायचे आणि यंत्राने वेगळे सांगितल्यावर तेही ऐकायचे, हे सोपे नाही.

याच काळात योग्यांच्या हृदयाविषयीचा एक प्रसिद्ध वाद सुरू झाला. तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ विदुषी १९३५ साली हृदयाच्या विद्युत्-आलेखाचे वाहून नेता येणारे यंत्र घेऊन भारतात आल्या. हृदय थांबवण्याची सिद्धी असल्याचे सांगणाऱ्या योग्यांची त्यांनी तपासणी केली, आणि एका आलेखात हृदयाची खूण जवळजवळ नाहीशी झाल्याचे त्यांना दिसले. त्यांनी तपासलेल्यांत टी. कृष्णमाचार्य होते, आणि त्यांचेच शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली डेक्कन जिमखान्याच्या निमंत्रणावरून पुण्याला आले व इथलेच झाले. पुढे १९५७ साली अमेरिकेतून वेंगर आणि बागची भारतात आले, आणि दिल्लीच्या आनंद यांच्यासह त्यांनी हा दावा पुन्हा तपासला. १९६१ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, मनगटातली नाडी लागेनाशी होते, नळीने ऐकले तरी ठोका ऐकू येत नाही. पण विद्युत्-आलेखावर हृदय चालूच असते. एका योग्याला मात्र ठोके मंदावता आले होते.

या निष्कर्षातून सिद्धीचा दावा कोसळला, एवढेच बहुतेकांनी घेतले. त्यात आणखी एक धडा होता. मनगटावर जी लागते ती नाडी. ती हृदय नव्हे. बोट ठेवण्याची जागा, कानाची नळी आणि विद्युत्-आलेख ही तीन साधने एकाच क्षणी तीन वेगळी उत्तरे देऊ शकतात. आपण काय मोजतो आहोत आणि कोठे मोजतो आहोत, हे विसरले की अचूक आकडाही चुकीचे सांगतो.

४

योगायोग असा की ज्या १९५७ साली वेंगर भारतात होते, त्याच वर्षी फिनलंडमध्ये मार्ट्टी कार्व्होनेन यांचा व्यायाम आणि हृदयगतीवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्या नावाने चालणारी रीत सोपी आहे. हृदयाची कमाल गती आणि विश्रांतीतली गती यांच्यातले अंतर हे आपले भांडवल. त्यातला ठराविक हिस्सा विश्रांतीच्या गतीत मिळवला की व्यायामाचे लक्ष्य निघते. माझेच उदाहरण घेतो. वय ४७, म्हणून कमाल गती २२० उणे ४७, म्हणजे १७३. विश्रांतीतले ठोके ५८. अंतर ११५, त्याचे ६० टक्के ६९, अधिक ५८, म्हणजे १२७. माझ्या खेळाला माझ्याकडून साधारण हेच हवे होते, आणि मी ९८ वर धापा टाकत होतो.

२२० उणे वय हे सूत्र १९७० च्या सुमारास अमेरिकेत आले, तेही एखाद्या आखीव प्रयोगातून नव्हे. निरनिराळ्या अभ्यासांच्या आकड्यांतून ओढलेली ती एक सरळ रेषा होती. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी पुष्कळ अधिक माहितीवरून २०८ उणे वयाच्या सात-दशांश असे सूत्र सुचवले. विशीत पहिले सूत्र २०० सांगते आणि दुसरे १९४. सत्तरीत पहिले १५० आणि दुसरे १५९. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांतही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. औषध चालू असेल, तर दोन्ही सूत्रे निरुपयोगी. तरीही भिंतीवरच्या तक्त्यांतून आणि यंत्रांतून पहिले सूत्र शिलालेखासारखे टिकून आहे. त्याला पाठांतराची सोय आहे.

हृदयगती दवाखान्याबाहेर आणली तीही फिनलंडनेच. १९७७ साली सेप्पो सायनायाकांगास यांनी पोलर ही कंपनी काढली आणि १९८२ साली छातीचा पट्टा व मनगटावरचे घड्याळ यांचा बिनतारी संच बाजारात आणला. खेळण्यांच्या कारखानदारांची दृष्टी मग इकडे वळली. १९९८ साली जपानमध्ये टेट्रिसची एक आवृत्ती कानाच्या पाळीला चिमटा लावून खेळता येत असे. निन्टेन्डोचा ‘वी फिट’ २००७ च्या अखेरीस आला आणि घरोघरी फळीवर उभे राहून व्यायाम सुरू झाला. त्याच कंपनीने २००९ साली बोटाला लावायचे नाडीयंत्र जाहीर केले. पण शंभरातल्या सुमारे दहा जणांच्या बाबतीत ते नीट चालत नाही, असे कारण देऊन ते कधीच विकले नाही. २०१० च्या ‘ईए स्पोर्ट्‌स अ‍ॅक्टिव्ह २’बरोबर हाताला बांधायचा पट्टा आला, २०१३ च्या कायनेक्टने चेहऱ्याच्या रंगातील सूक्ष्म बदलांवरून ठोके ओळखायला सुरुवात केली, आणि २०१९ च्या ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’मध्ये अंगठा टेकवला की नाडी मोजली जाते.

यांतील बोट, अंगठा किंवा चेहरा पाहणारी साधने हृदय पाहत नाहीत. कातडीखालच्या रक्ताच्या भरती-ओहोटीने उजेडात होणारा फरक पाहतात. हात जोरात हलला, घाम आला, पट्टा सैल पडला की वाचन बिघडते. छातीचा पट्टा विद्युत्-संकेत घेतो, म्हणून तो अधिक भरवशाचा. १९६१ चा धडा इथे पुन्हा शिकावा लागतो.

५

तरीही या साऱ्याला नाक मुरडून निघून जाणे मला पटत नाही. या खेळांच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे. व्यायाम उपयोगी असतो पण कंटाळवाणा होतो. खेळ रंगतो पण पुरेसा व्यायाम घडवीलच असे नाही. २००७ साली सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी या दोहोंचा मेळ मांडला : खेळाचे आव्हान कौशल्याशी जुळावे आणि श्रमाची तीव्रता ताकदीशी जुळावी. दोन्ही एकाच वेळी साधायचे, तर खेळाला खेळाडूच्या शरीराची खबर हवी. ठोके मंदावले की वाट चढाची करावी, फार वाढले की सपाट करावी. हृदयगतीचा उपयोग तो हाच. व्यायाम करणारा स्वतःच्या अंदाजाने एकतर आळशीपणा करतो किंवा उत्साहात अति करतो, त्याला असा लगाम उपकारक ठरू शकतो.

कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात स्टाक, ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी २००९ साली केलेला प्रयोग मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटतो. त्यांच्या शर्यतीत कोण किती जोरात पायडल मारतो याला महत्त्व नव्हते. आपापल्या लक्ष्यगतीच्या कोण किती जवळ आहे, यावर गाडीचा वेग ठरत होता. म्हणजे सशक्त आणि अशक्त एकाच शर्यतीत मनापासून खेळू शकतात.

हे वाचताना मला लिंबूटिंबूची आठवण झाली. वाड्याच्या चौकात लपंडाव किंवा लंगडी रंगली की कोणाचे तरी धाकटे भावंड आत घ्यावेच लागे. तो लिंबूटिंबू, त्याच्यावर राज्य येत नाही. हीदेखील दुर्बलाला खेळात सामावून घेण्याची व्यवस्थाच होती. यंत्राची व्यवस्था तिच्याहून एका बाबतीत सरस आहे : लिंबूटिंबूला आपण खोटे खोटे खेळत आहोत हे ठाऊक असे, आणि त्याला त्याचा राग येई, इथे दुबळ्याचा विजयही खरा असतो. पण लिंबूटिंबू होण्याची सवलत सोबतचे गडी देत असत. कोण लहान, कोण तापातून उठलेला, कोणाला आज खेळायचे नाही, हे त्यांना आकड्यावाचून ठाऊक असे. माझ्या गोळ्या त्या यंत्राने विचारल्या नाहीत. चौकातल्या पोरांनी निदान ‘काका, बसा आता’ म्हटले असते.

डॉक्टरांनी मला जो उपाय सांगितला, त्याने या सगळ्याला एक अनपेक्षित वळण मिळाले. आकडा सोडा, ते म्हणाले; श्रमाला शब्द द्या. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अशी एक श्रेणी बनवली आहे. तिच्यात काही अंकांपुढे साधे शब्द असतात : फार हलके, हलके, काहीसे कष्टाचे, कष्टाचे, फार कष्टाचे. माणसाने स्वतःला विचारून अंक सांगायचा. निरोगी तरुणाच्या बाबतीत त्या अंकाची दसपट ढोबळमानाने हृदयगतीच्या जवळ जाते, म्हणून तर श्रेणी ६ पासून सुरू होते. आणि त्याहून सोपी कसोटी म्हणजे बोलण्याची. चालताना वाक्य सलग बोलता येते तोवर श्रम मध्यम. दोनचार शब्दांनंतर थांबावे लागले, तर आवरते घ्यायचे. व्यायामशास्त्रात ही कसोटी मान्य आहे. ती ऐकताच मला हुतूतू आठवला. दम तुटला की आवाज तुटतो, आणि तो आपल्याआधी सोबतच्याला ऐकू येतो.

आता मी आठवड्यातून चार दिवस शेजारच्या निवृत्त मास्तरांबरोबर पर्वती चढतो. मनगटावर घड्याळ आहे. ठोके त्यात नोंदले जातात आणि महिन्याकाठी डॉक्टर ती नोंद पाहतात, तिचा त्यांना उपयोग होतो. चढताना मात्र मी तिकडे पाहत नाही. मास्तर पंचाहत्तरीचे आहेत आणि त्यांचा नियम जुना आहे : पायरी चढताना गप्प बसायचे नाही. परवा अर्ध्या वाटेवर मी कशाबद्दल तरी तावातावाने बोलत होतो आणि मध्येच थांबलो. मास्तरांनी मागे वळून पाहिले, कठड्याला टेकले आणि म्हणाले, ‘‘बसू या जरा. मलाही दम लागलाय.’’ त्यांना लागला नव्हता.